ट्यूबवर लहान मुलांबद्दल एक ओळही नाही

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: क्लोबेटासॉल हे तीव्र स्टिरॉइड असलेल्या आपल्या मलमामुळे आठ महिन्यांच्या बाळाला झालेला अपाय आणि ट्यूबवरील अपुऱ्या सूचना

महोदय,

माझ्या सुनेने आपल्या ग्राहक सेवेला फोन केला, तेव्हा तिला ऐकवण्यात आलं की हे शेड्यूल एचमधलं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायचं औषध आहे, चिठ्ठीशिवाय वापरलं असेल तर कंपनीचा संबंध येत नाही. फोनवरचं बोलणं हवेत जातं, म्हणून हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवतो आहे. मी निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे, बार्शीला राहतो.

हकिगत थोडक्यात सांगतो. नातवाला डायपरच्या जागी लाल चट्टे उठले. सुनेने जवळच्या मेडिकलमध्ये विचारलं, बाळासाठी हवंय असंही सांगितलं. दुकानदाराने आपली १५ ग्रॅमची ट्यूब काढून दिली. दोन दिवसांत लाली गेली. लावणं थांबवलं की चट्टे परत यायचे, तेही आधीपेक्षा जास्त; मग पुन्हा ट्यूब. असे दोन-अडीच महिने गेले. तेवढ्यात बाळाचे गाल भरले आणि घरी येणारा प्रत्येक जण काय छान बाळसं धरलंय म्हणून कौतुक करून गेला. हातपाय मात्र काड्याच राहिले, लांबी वाढेना, गालांवर आणि कपाळावर दाट लव दिसू लागली. लसीकरणाच्या दिवशी नर्सबाईंनी वजनाचा आणि लांबीचा तक्ता पाहिला आणि मोठ्या डॉक्टरांना दाखवा म्हणाल्या.

सोलापूरच्या बालरोगतज्ज्ञांनी बाळाचा चेहरा पाहून पहिलाच प्रश्न विचारला, "कुठलं मलम लावता?" सुनेने पिशवीतून ट्यूब काढली. सकाळी आठला रक्त घेऊन कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टिरॉइड, तपासलं, ते फारच कमी निघालं. बाहेरून गेलेल्या स्टिरॉइडमुळे झालेला कुशिंग सिंड्रोम, म्हणजे शरीरात स्टिरॉइडचा अतिरेक झाल्याने होणारा विकार, असं निदान झालं.

डॉक्टरांनी जे समजावलं ते आपल्या कंपनीतल्या तज्ज्ञांना पाठ असणार, तरी लिहितो. वजनाच्या मानाने तान्ह्या बाळाची कातडी मोठ्या माणसाच्या दुपटीहून जास्त असते, म्हणून अंगाला लावलेल्या औषधाचा किलोमागे जाणारा डोस वाढतो. त्यात जागा जांघेची. हाताच्या तुलनेत वृषणावरच्या कातडीतून हायड्रोकॉर्टिझोन हे सौम्य स्टिरॉइड सुमारे ४२ पट शोषलं जातं, हे १९६७ सालापासून छापील आहे. वरून डायपर म्हणजे मलमावर घातलेलं झाकणच. आणि क्लोबेटासॉल तर हायड्रोकॉर्टिझोनच्या कितीतरी पुढचं, लावायच्या स्टिरॉइडमधल्या सर्वांत तीव्र गटातलं. ते मोठ्यांनीही सलग दोन आठवड्यांपलीकडे वापरायचं नसतं आणि १२ वर्षांखालच्या मुलांना देऊच नये, असं अमेरिकेतल्या पाकिटावरच्या माहितीत छापलेलं असतं. इतकं स्टिरॉइड बाहेरून मिळत राहिलं की मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी आपलं काम थांबवतात. म्हणून आता मलम बंद करूनही भागत नाही. बाळाला रोज मोजून हायड्रोकॉर्टिझोनच तोंडाने द्यावं लागतं, ते काही महिन्यांत हळूहळू कमी करायचं. मध्येच ताप आला, उलट्या झाल्या तर डोस वाढवून लगेच दवाखाना गाठायचा, नाहीतर जिवावर बेतू शकतं. पहाटे खोकल्याचा आवाज आला तरी आम्ही सगळे उठून बसतो.

स्टिरॉइड म्हणजे विष, असं माझं म्हणणं नाही. आमच्या बाळाला आज तेच सावरतं आहे. इसब असलेल्या मुलांना डॉक्टर सौम्य मलम ठरावीक दिवस देतात, त्याने त्यांना झोप लागते. माझी तक्रार आपल्या ट्यूबबद्दल आहे.

ती मी भिंग घेऊन वाचली. समोर मोठ्या अक्षरांत नाव आणि गुळगुळीत पायाचं चित्र. आत क्लोबेटासॉल ०.०५ टक्के, सोबत एक बुरशीनाशक आणि एक प्रतिजैविक, म्हणजे खाज कशाचीही असो, काहीतरी लागू पडेल. लाल रंगातलं आरएक्स आणि चिठ्ठीशिवाय विकू नये ही सूचना आहे. ती इंग्रजीत आहे आणि घडीच्या वळकटीत जाते. लहान मुलांबद्दल एक शब्दही नाही. चौथीच्या मुलाने एवढ्या बारीक अक्षरात उत्तरपत्रिका लिहिली असती तर मी ती परत केली असती.

आता चिठ्ठीचं. मेडिकलच्या बिलावर डॉक्टरच्या नावाच्या रकान्यात 'सेल्फ' छापलेलं आहे. बार्शीतली कुठलीही चार बिलं काढा, हेच दिसेल. आपले प्रतिनिधी त्याच दुकानांत ऑर्डर घ्यायला येतात आणि दहा ट्यूबवर दोन फुकट अशी स्कीम देतात, हे दुकानदाराने मला स्वतः सांगितलं. गावातले डॉक्टर हे मलम लिहीत नसतील तर एवढा माल जातो कुठे, हे आपल्या विक्री विभागाला ठाऊक नाही, यावर माझा विश्वास बसत नाही. माल खपवताना दुकानदार आपला आणि अपाय झाला की नियम मोडणारा परका!

सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने ३२८ मिश्र औषधांवर बंदी घातली, त्यात क्लोबेटासॉलची बरीच मिश्रणं होती. आपलं मिश्रण त्या यादीत नाही, असं आपल्या माणसाने सुनेला अभिमानाने सांगितलं. यादीत नसणं म्हणजे तान्ह्या बाळाला चालणं नव्हे.

माझी मागणी अशी. ट्यूबवर आणि खोक्यावर मराठी-हिंदीत, चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या अक्षरात छापा: यात तीव्र स्टिरॉइड आहे, लहान मुलांना व डायपरखाली लावू नका, बरेच दिवस लावलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम बंद करू नका. दुकानदारांच्या स्कीम थांबवा. या प्रकरणाची नोंद आपल्याकडून औषध दुष्परिणामांच्या राष्ट्रीय यंत्रणेकडे जायला हवी; मी माझ्याकडून १८००-१८०-३०२४ वर कळवलं आहे. बाळाच्या तपासण्या आणि औषधांचा खर्च आपण द्यावा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली सोलापूरच्या जिल्हा आयोगात तक्रार दाखल करीन. या पत्राची प्रत अन्न व औषध प्रशासनाला दिली आहे. ट्यूब मी पाठवत नाही, ती पुरावा म्हणून माझ्याकडे राहील.

आपला,
बाळाचे आजोबा,
बार्शी, जि. सोलापूर

सोबत: मेडिकलच्या बिलांच्या प्रती, बॅच क्रमांक दिसणारा ट्यूबचा फोटो, कॉर्टिसॉल तपासणीचा अहवाल, बालरोगतज्ज्ञांचं निदानपत्र.