म्हापशाच्या छत्रीवाल्या काकांना

नमस्कार काका,

तुम्ही फोनवर असलं काही वाचत नाही हे माहीत आहे, म्हणून तुमच्या मुलाला पाठवतोय, तो वाचून दाखवेल. आणि इथं सगळ्यांसमोर यासाठी लिहितोय की आमची रॉकेटं बघायला येणारे लोक नेहमी विचारतात, एवढं छान पॅराशूट कुठून मागवलं. कुठून मागवलेलं नाही हो, शुक्रवारच्या बाजारात जमिनीवर पोतं टाकून बसणाऱ्या एका माणसानं शिवून दिलंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बाहेरच्या देशात मॉडेल रॉकेटला तयार मोटर, म्हणजे पेटणारी दारू ठासलेली नळी, मिळते, अमेरिकेत व्हर्न एस्टिसनी 1958 मध्ये त्या बनवायचं मशीन उभं केलं आणि तिथून हा छंद घराघरात गेला. आपल्याकडे तशा मोटरी सहज मिळत नाहीत आणि दारू भरून घरी बनवणं हा तर विषयच नको, पोरांचे हात जातात. म्हणून आम्ही पाण्याचं रॉकेट उडवतो. दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली (साध्या पाण्याची पातळ बाटली अजिबात नाही, ती प्रेशरसाठी केलेलीच नसते), एक तृतीयांश पाणी, सायकलच्या पंपानं साधारण 60 पीएसआय हवा, आणि लांब उभं राहून दोरी ओढायची. पाणी खाली, बाटली वर. यात आम्हाला मदत करणारे खूप होते, पंपवाले, प्लंबर, शाळेचे सर, सगळ्यांचे आभार आहेतच.

पण वर गेलेलं खाली कसं आणायचं हे कोणी सांगत नव्हतं. आमच्या गावामागचा सडा म्हणजे नुसता जांभा दगड, त्यावर बाटली नाकावर आपटली की संपलं. प्लास्टिकच्या पिशवीची पॅराशूटं उघडायची पण फाटायची, नाहीतर झोके खात यायची आणि दोऱ्यांचा गुंता व्हायचा.

मे महिन्यात पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, गर्दीत तुमच्याकडे आईची छत्री घेऊन आलो होतो आणि बाजूला पडलेलं जुनं कापड मागितलं, तेव्हा तुम्ही आधी विचारलंत, कशाला पाहिजे रे बाबा? मी सांगितलं आणि तुम्ही हातातलं काम बाजूला ठेवलंत. काळं जाड कापड तुम्ही दिलंच नाही, म्हणालात ते जड, घडीच्या छत्रीचं पातळ नायलॉन घे. मग बोटानं दाखवलंत की आठ कळ्यांच्या टोकांना, जिथं काडी बसते, तिथं शिवण आधीच दुहेरी असते, दोऱ्या तिथंच बांध, कापड फाटणार नाही. दोरा तुमचाच, मेण लावलेला, कापडाच्या रुंदीपेक्षा थोडा जास्त लांब कापून आठही सारखे करून दिलेत.

आणि ते भोक. मधोमध जिथून दांडा जातो ते भोक बघून मी विचारलं, हे शिवून टाकायचं का, तर तुम्ही कात्री घेऊन ते उलट मोठं केलंत! तुम्ही म्हणालात वाऱ्याला जायला वाट ठेवली नाही की तो छत्री उलटी करतो, म्हणून तर दोन थरांच्या छत्र्या निघाल्या. नंतर मी वाचलं, खऱ्या पॅराशूटलाही मधे असंच भोक ठेवतात, नाहीतर आत अडकलेली हवा कधी या कडेनं कधी त्या कडेनं निसटते आणि पॅराशूट डोलत राहतं. भोकाची रुंदी पॅराशूटच्या एक पंचमांश ठेवली तरी कापडाचा फक्त 4 टक्के भाग जातो, म्हणजे वेग जवळजवळ तेवढाच राहतो आणि रॉकेट सरळ उतरतं. 21 ऑक्टोबर 2023 ला इस्रोनं गगनयानची, म्हणजे माणसाला अंतराळात न्यायच्या मोहिमेची, टीव्ही-डी1 नावाची चाचणी केली आणि क्रू मॉड्यूल, म्हणजे अंतराळवीरांसाठीची कुपी, पॅराशूटवर समुद्रात उतरलं, ते टीव्हीवर बघताना मला तुमची कात्री आठवली, खरंच सांगतो.

आता पॅराशूटला टाल्कम पावडर लावतो कारण आपल्या दमट हवेत नायलॉनच्या घड्या चिकटतात, दोऱ्यांच्या खाली गरी-दोऱ्याच्या दुकानातली फिरकी लावतो म्हणजे पीळ पडत नाही, आणि नाकाची टोपी मुद्दाम ढिली ठेवतो, वर जाताना हवा तिला दाबून धरते आणि रॉकेट माथ्यावर वळलं की ती सुटते. दुपारी समुद्राचं वारं सुटलं की सगळं काजूच्या झाडांवर जातं म्हणून सकाळीच उडवतो. पण ते निळं कापड उघडून टपकन ताणलं जातं ना, त्या आवाजाला पोरं तुमच्या नावानं ओरडतात, "छत्रीवाले काका की जय". तुम्हाला हे कोणी सांगितलं नसेल.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, आईच्या छत्रीचेच घेतलेत. ते माझ्या मनात आहे.

भातकापणी झाली की खालच्या शेतात उडवणार आहोत, तिथं बाटली मऊ मातीत पडते. शुक्रवार सोडून कुठलीही सकाळ सांगा, मी स्कूटर घेऊन न्यायला येतो. दोरी तुम्ही ओढायची.

देव बरें करूं, काका.

तुमचा,
आईची छत्री घेऊन आलेला मुलगा