ठेचा नको म्हणणारी पोरं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लातूरला गेली अकरा वर्षं मी मेस चालवते. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससीच्या मागे लागलेली पोरं माझ्याकडे जेवतात. कुणी उदगीरकडचं, कुणी जळकोट, निलंग्याचं. पहाटे पाचला मैदानावर पळायला जाणारी पोरं ही, त्यांना कसला आजार असेल असं मलाही कधी वाटलं नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात त्यातलं एक पोरगं म्हणालं, "मावशी, माझ्या भाजीत तिखट कमी टाका." मग त्यानं ठेचा सोडला. मग शेंगदाण्याची चटणीही नको झाली. पुढं भाकरी वरणात कुस्करून खाऊ लागला. एका रात्री सगळे उठून गेले तरी हा ताटावरच होता; घास छोटा करून बोटानं आत सारत होता. "तोंड उघड बघू," म्हटलं. माझी दोन बोटंही नीट जाईनात. वय तेवीस.

दुसऱ्या दिवशी मीच त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गाल आतून दाबून दाखवला, दोरी ताणल्यासारखा कडक आणि पांढरा पडलेला. हे सुपारीनं होतं, म्हणाले. पोरगं लगेच बोललं, "पण मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारीची पुडी खातो." हाच गैरसमज घराघरात आहे. तंबाखू नसली तरी सुपारी गालाचं मांस आखडवते, आणि असं आखडलेलं तोंड पूर्ण पहिल्यासारखं होत नाही. सुपारी सोडली, व्यायाम केला तर थोडं उघडतं. पुढं कॅन्सर होण्याचा धोका राहतो तो राहतोच, म्हणून आयुष्यभर दाखवत राहावं लागतं. तिखट झोंबणं ही सुरुवात असते, हे मला तेव्हा कळलं. मला आधी माहीत असतं तर त्याला मी चार महिने आधी नेलं असतं. ही सल जात नाही.

आपल्या राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. तरी पोरांच्या खिशात पुड्या सापडतात. पानमसाल्याची वेगळी, तंबाखूची वेगळी, आणि दोन्ही हातावर एकत्र केली की झाला गुटखा.

सरकार बीपी, शुगर आणि तोंडाच्या कॅन्सरची तपासणी करतं, पण ती तीस वर्षांच्या पुढच्यांची. पोलीस भरतीला खुल्या गटातल्या पोराचं वय अठ्ठावीसला संपतं. वैद्यकीय तपासणी होते तीही निवड झाल्यावर. म्हणजे ज्या वयात ही पुडी हाताला लागते त्या वयात तोंडात बघायला कुणीच नाही. बीपीचंही तसंच. माझ्याकडच्या चोवीस वर्षांच्या एका पोराला रक्तदान शिबिरातून परत पाठवलं, तेव्हा त्याला कळलं की आपलं बीपी १५० च्या वर आहे. डबा नेणाऱ्या एका मुलीला हिमोग्लोबिन साडेबारा भरत नाही म्हणून रक्त देऊ दिलं नाही. तिला वाटायचं, जागरणानं थकवा येतो.

आता दर महिन्याच्या एक तारखेला, पैसे घेताना, मी प्रत्येकाला तीन बोटं उभी तोंडात घालायला लावते. पोरं लाजतात, पण घालतात. या वर्षी आणखी दोघांना जमलं नाही. दोघांनाही वेळेत पाठवलं. पुडी सोडायची असेल तर १८००-११-२३५६ हा फुकट फोन आहे, तो भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलाय.

आरोग्य खात्याला माझी विनंती आहे. अठरा ते तीसच्या पोरांना दवाखान्यात बोलावू नका, ती येणार नाहीत. अभ्यासिका, वसतिगृहं, मेस इथं तुम्हीच या. तोंड, बीपी, हिमोग्लोबिन, एवढंच बघा. माझा हॉल दुपारी तीन ते सहा रिकामा असतो. टेबल, खुर्च्या, पंखा, चहा माझ्याकडून. पोरांना बसवून ठेवायची जबाबदारीही माझी.

आपली,
एक मेसवाली मावशी, लातूर