छत्रीचं चित्र आणि आमच्या मुली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या ख्रिस्ती लोकांत लग्नाआधी जोडप्यांचा चर्चचा क्लास असतो, गेल्या महिन्यात भाचीच्या त्या क्लासला तिच्याबरोबर जाऊन बसले. मुलगा एका नव्या फेलोशिपमधला, म्हणजे नव्या धाटणीच्या चर्चचा, आम्ही जुन्या चर्चचे, आमच्याकडं पाळकसाहेब म्हणतात, त्यांच्याकडं पास्टर, बाकी प्रार्थना-वचन तेच म्हणून घरात कुणी फार खोलात गेलं नाही. शनिवार संध्याकाळ, नगर रोडला पार्किंगवरचा एक हॉल, पाच जोडपी, प्लास्टिकच्या खुर्च्या, चहा-क्रीमरोल आणि प्रत्येकाच्या हातात एक झेरॉक्स.

झेरॉक्सवर तीन छत्र्या. सगळ्यात मोठी ख्रिस्ताची, तिच्याखाली नवऱ्याची, तिच्याखाली बायकोची छोटीशी आणि तळाला पोरं. बायको नवऱ्याच्या छत्रीबाहेर पडली की सैतानाचे बाण थेट तिच्यावर, असं पास्टर म्हणाले. भाचीने विचारलं, छत्रीलाच भोक असेल तर? सगळे हसले. पास्टरही हसले, म्हणाले सिस्टर, भोकाचं प्रभू बघेल, तुम्ही छत्री सोडू नका.

मला हसू आलं नाही. मी तीस वर्षं नर्सची नोकरी केलीय, त्यातली बरीच कॅज्युअल्टीत, "बाथरूममध्ये घसरले" हे वाक्य ऐकून ऐकून कान किटलेत आणि त्यात गळ्यात क्रूस घातलेल्या आमच्यातल्याही होत्या हो. एकीचं मनगट मोडलेलं, प्लास्टर घालताना ती सारखं एकच विचारत होती, रविवारपर्यंत बोटं हलतील ना, मला उपासनेला पेटी वाजवायची असते. घरी सांगितलंस का म्हटलं तर म्हणाली पास्टरांना सांगितलं होतं, ते म्हणाले उलट बोलू नको, जास्त प्रार्थना कर, तुझ्या नम्र वागण्याने तो जिंकला जाईल. बायबलातल्या पेत्राच्या पत्रातलं वचन आहे ते, नवरा विश्वासात नसेल तर काय करावं याबद्दलचं. हिचा नवरा दर रविवारी पहिल्या बाकावर बसणारा.

आणि ही छत्री शास्त्रात, म्हणजे बायबलात, कुठंही नाहीये. मी शोधली. ती अमेरिकेतल्या बिल गॉथर्ड नावाच्या माणसाच्या सेमिनारांमधून पसरली, त्याच गॉथर्डवर अनेक बायकांनी छळाचे आरोप केले आणि २०१४ मध्ये त्याला स्वतःच्या संस्थेतून राजीनामा द्यावा लागला. तिथलाच सगळ्यात मोठा प्रोटेस्टंट पंथ म्हणजे सदर्न बॅप्टिस्ट, त्यांनी १९९८ मध्ये बायकोने नवऱ्याच्या अधीन राहावं हे चक्क आपल्या श्रद्धेच्या जाहीरनाम्यात घातलं. त्यांचे एक मोठे पुढारी पेज पॅटरसन, त्यांचं २००० सालचं एक रेकॉर्डिंग नंतर बाहेर आलं. त्यात ते स्वतःच सांगतात, मार खाणाऱ्या बाईला त्यांनी घरी पाठवून रात्री पलंगाशेजारी प्रार्थना करायला सांगितलेलं, ती दोन्ही डोळे काळेनिळे घेऊन परत आली, तर हे म्हणाले मला आनंद झाला, कारण त्या दिवशी नवरा चर्चला आला होता. २०१८ मध्ये यावरून बोंब झाली आणि त्यांना सेमिनरीच्या, म्हणजे पास्टर तयार करणाऱ्या कॉलेजच्या, अध्यक्षपदावरून काढलं. म्हणजे जिथं हा माल तयार झाला तिथं त्याचा हिशोब चाललाय आणि आपल्याकडं तोच माल मराठीत झेरॉक्स काढून वाटतायत.

बायबलातलं इफिसकरांस पत्र, अध्याय ५, ओवी २२ सगळ्यांना पाठ. स्त्रियांनो अधीन असा. तिच्या आधीची ओवी २१ एकमेकांच्या अधीन असा म्हणते, ती क्लासमध्ये कुणी वाचलीच नाही, सुरुवातच बावीसपासून. बायबलातल्या मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकाचंही तेच. देवाला सूटपत्राचा, म्हणजे घटस्फोटाचा, तिटकारा आहे हे तोंडावर फेकतात, त्याच ओवीत पुढं जुलूम करणाऱ्याचाही तिटकारा आहे म्हटलंय, ते गिळून टाकतात.

पोरींना तर आधीपासून तयार करतात. भाचीची धाकटी बहीण यूथ कॅम्पला गेली होती, तिथं एक सेलोटेप एकाच्या हाताला चिकटवली, मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या, आणि बघा आता चिकटत नाही, लग्नाआधी मन गुंतवलं की मुलीचं असंच होतं म्हणाले. पंधरा वर्षांची पोर घरी येऊन विचारते मावशी मी सेलोटेप आहे का. मुलं त्या वेळी कुठं होती म्हटलं तर ग्राउंडवर, फुटबॉल चालू होता.

सहन कर म्हणणं काय फक्त आमच्यातच आहे का, नाही, सासरी दिली ती तिकडचीच हे आळीतल्या प्रत्येक घरात ऐकलंय. पण आमच्याकडं त्यावर देवाचा शिक्का मारतात आणि मग तिला कायदाही कुणी सांगत नाही. १८६९ चा घटस्फोट कायदा आम्हाला लागू, त्यात पूर्वी नवऱ्याला नुसता बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे, बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता नाहीतर सोडून जाणं असं आणखी काहीतरी सिद्ध करावं लागायचं. नुसत्या मारहाणीवर घटस्फोट नाही! २००१ च्या दुरुस्तीने ते गेलं, आता कलम १० मधली घटस्फोटाची मुख्य कारणं दोघांना सारखी, क्रूरता हे एकटं कारणही पुरतं. आणि २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा तर धर्म विचारतच नाही, घरातून हाकलू नये म्हणूनही कोर्टातून ऑर्डर मिळते. क्लासमध्ये बजेटवर एक तास, सासूवर एक तास, यावर एक शब्द नाही.

वाईट याचं वाटतं की आम्ही पंडिता रमाबाईंच्या गावचे लोक. याच पुण्यात त्यांनी १८८२ मध्ये आर्य महिला समाज काढला, पुढच्या वर्षी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, आणि तिथं कॉलेजात पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायचं म्हटल्यावर बिशप आडवे आले तर बाईंनी सुनावलं की माझ्या वडिलांनी आणि नवऱ्यानेही कधी याला हरकत घेतली नव्हती. इथल्या पुरोहितांचं जू मानेवरून काढलं ते दुसऱ्यांचं घालायला नाही, हेही कळवलं. दौंडच्या गाडीत बसलं की केडगाव लागतं, तिथं या बाईने हिब्रू-ग्रीकवरून अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणलं आणि त्याचे छपाईचे खिळे त्यांच्याच मुक्ती मिशन या आश्रमातल्या बायकांनी जुळवले. नवऱ्याची छत्री नव्हती, १८८२ मध्येच विधवा झाल्या होत्या. त्यांची जयंती आम्ही करतो, हार घालतो, समोसे खातो.

हे पेपरात लिहू नको असं घरचे म्हणाले. आधीच ख्रिस्ती म्हटलं की लोक टपलेले आहेत, त्यांच्या हातात कोलीत कशाला, घरची धुणी चव्हाट्यावर कशाला. भीती मलाही आहे. पण त्या मनगटवालीने घरची धुणी घरातच धुतली होती, आणि ती वर्षभरात दुसऱ्यांदा आली तेव्हाही मीच ड्युटीवर होते.

सगळे पास्टर असे नाहीत. आमच्या जुन्या पाळकसाहेबांनी एका मुलीला स्वतः रिक्षात घालून पोलिस चौकीत नेलेलं मला माहितीय, तेही कुठल्याही क्लासशिवाय.

पुढचा क्लास येत्या शनिवारी आहे. भाची म्हणते मावशी तू येच, आणि होणारे जावईही या म्हणालेत. या वेळी झेरॉक्स मी नेणार आहे, कलम १० ची, पाच जोडप्यांच्या दहा आणि पास्टरांची एक.

(कृपया नाव छापू नये.)
एक निवृत्त नर्स, वानवडी, पुणे