संशोधनात काय निघाले, ते रुग्णालाही सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आपल्या शहरातल्या एका रुग्णालयाच्या संशोधनाची बातमी वाचली. हाडांचा विभाग, डोळ्यांचा, स्त्रीरोग, त्वचा, बालरोग, भूल, अशा सगळ्या विभागांनी वर्षभरात किती प्रबंध आणि किती शोधनिबंध केले, तो आकडा मथळ्यातच होता. वाचून मनापासून बरे वाटले. बडोद्यातल्याच एका मोठ्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात मी २९ वर्षे नोकरी केली. एम.डी., एम.एस. करणाऱ्या कितीतरी मुलामुलींच्या प्रबंधांसाठी केसपेपर काढून द्यायचे काम माझ्याकडे होते, त्यामुळे हे काम किती कष्टाचे असते ते मी जवळून पाहिले आहे. पण ज्या रुग्णांवर हे सारे संशोधन झाले, त्यांना पुढे काय सांगितले गेले, याबद्दल त्या बातमीत एक ओळही नव्हती. हे पत्र त्या न छापलेल्या ओळीबद्दल आहे.

रेकॉर्ड विभाग म्हणजे काय, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते. रुग्णाला डिस्चार्ज मिळाला की त्याचा केसपेपर वॉर्डातून आमच्याकडे येतो. पाने क्रमाने लावायची, सही राहिली असेल तर तो कागद परत वॉर्डात धाडायचा, आजाराचा कोड टाकायचा, गठ्ठा सुतळीने बांधून फळीवर चढवायचा. पावसाळ्यात कागदांना ओल येई, उधई लागे. आम्ही कडुनिंबाचा पाला ठेवायचो. २००२ च्या नियमांप्रमाणे भरती झालेल्या रुग्णाचे कागद डॉक्टरांनी तीन वर्षे जपायचे आणि रुग्णाने मागितले तर ७२ तासांच्या आत द्यायचे असतात. आम्ही त्याहून जुने गठ्ठेही जपत होतो, कारण कुठल्या प्रबंधाला कुठल्या सालचा कागद लागेल याचा नेम नसे.

विषय ठरला, एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनात रुग्णावर अन्याय होत नाही ना हे पाहणाऱ्या समितीची, मंजुरी आली की रेसिडेंट डॉक्टर आमच्या खिडकीशी येत. कोणाला मांडीचे हाड मोडलेले साठ रुग्ण हवेत, कोणाला कावीळ झालेल्या गरोदर बायका, कोणाला कमी वजनाची बाळे. कागद काढून दिले की निम्म्यांचा चेहरा पडे. वय एका पानावर ४०, दुसऱ्यावर ५५. वजन लिहिलेले नाही. तंबाखूचा रकाना कोरा. पत्त्याच्या जागी नुसते ‘डभोई’. घाईत न लिहिलेली एक ओळ चार वर्षांनी कोणाच्या तरी प्रबंधात भोक पाडते, हे त्या मुलांना तेव्हा कळे, आणि मग वॉर्डात गेल्यावर ती स्वतः नीट लिहू लागत.

पॅथॉलॉजीच्या एक जुन्या मॅडम आमच्याकडे बसून चहा घेत. त्यांनी मला व्हिएन्नाच्या सेमेलवाइस डॉक्टरांची हकिकत सांगितली होती. एकाच रुग्णालयात दोन प्रसूतिकक्ष. एकात वैद्यकीचे विद्यार्थी शिकायचे, दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली पहिल्या कक्षात शंभरातल्या अकराहून जास्त बाळंतिणी दगावल्या, दुसऱ्यात तीनाहूनही कमी. हा फरक नोंदवह्यांतून समोर आला. विद्यार्थी मृतदेहांची चिरफाड करून तसेच बाळंतिणींना तपासायला येत होते. १८४७ मध्ये क्लोरीनच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे झाले आणि मृत्यू झपाट्याने उतरले. ‘बघा बेन, ते जीव तुमच्यासारख्या कोणी वह्या सांभाळल्या म्हणून वाचले,’ असे त्या म्हणाल्या. मी ते अजून विसरलेले नाही.

आता ज्या प्रसंगामुळे हे पत्र लिहायला बसले तो सांगते.

पादऱ्याजवळच्या एका गावातल्या एक बाई होत्या. पन्नाशीच्या, मधुमेह बारा वर्षांचा. एका रेसिडेंटच्या पायांवरच्या अभ्यासात त्यांचे नाव होते आणि सहा महिन्यांत त्यांना तीनदा यायचे होते. डॉक्टर परप्रांतातला. त्याला गुजराती येत नव्हते, बाईंना हिंदी जेमतेम. म्हणून तो मला बोलावून न्यायचा. मधुमेहात पायाची संवेदना तपासायला नायलॉनचा एक बारीक ताठ धागा असतो. रुग्णाने डोळे मिटायचे, डॉक्टरने तळपायाला ठरलेल्या दहा जागी तो धागा वाकेपर्यंत टेकवायचा आणि जाणवले की रुग्णाने सांगायचे. डॉक्टर प्रत्येक वेळी विचारी, ‘लगता है?’ आणि बाई प्रत्येक वेळी म्हणत, ‘हा साहेब.’ दहाच्या दहा वेळा हा. हो म्हटले की साहेबांना बरे वाटते, असे त्यांनी धरले होते. धागा तळपायापासून वर, हवेत असतानाही त्यांनी हा म्हटले तेव्हा माझ्या लक्षात आले. मी शेजारी बसून गुजरातीत समजावले, की ही परीक्षा नाही, टोचले तरच बोला, नाही टोचले तर गप्प राहा. मग पुन्हा तपासले. दहापैकी सात जागी त्या गप्प राहिल्या. त्या मुलाने अभ्यासाच्या छापील फॉर्मवरचा भरलेला रकाना खोडला आणि नव्याने लिहिला. रुग्णाशी त्याच्या भाषेत कोणी बोलले नाही तर संशोधनाचा आकडाच चुकतो, हे त्या दुपारी मी डोळ्यांनी पाहिले.

तिसऱ्या खेपेला निघताना बाईंनी मला विचारले, ‘बेन, शुं नीकळ्युं?’ म्हणजे या सगळ्यातून काय निघाले? मी म्हटले, डॉक्टर सांगतील. डॉक्टर परीक्षेच्या धांदलीत होता. परीक्षा झाली, पास झाला, आपल्या गावी गेला.

चौदा महिन्यांनी सर्जरीच्या वॉर्डातून एक केसपेपर माझ्या टेबलावर आला. नाव ओळखीचे, गाव ओळखीचे. चैत्री नवरात्रात बाई नवस फेडायला पावागडला पायी गेल्या होत्या, अनवाणी. तापल्या डांबराने तळपाय पोळला आणि त्यांना ते कळलेच नाही. जखम चिघळली, उजव्या पायाचा अंगठा काढावा लागला.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी लायब्ररीत जाऊन तो प्रबंध शोधला. निळे रेक्झिन, सोनेरी अक्षरे. शेवटी मास्टर चार्टमध्ये, म्हणजे सगळ्या रुग्णांच्या एकत्र तक्त्यात, केस नंबरावरून त्यांची ओळ सापडली, तो सातचा आकडाही तिथे होता. निष्कर्षाच्या पानावर काय लिहिले आहे ते पॅथॉलॉजीच्या मॅडमकडून समजून घेतले. पायाची संवेदना गेलेल्या रुग्णांना रोज तळपाय बघायला, अनवाणी न चालायला शिकवणे गरजेचे आहे, असे तिथे स्वच्छ इंग्रजीत छापले होते. ज्या बाईंच्या पायावरून ते वाक्य निघाले, त्यांच्यापर्यंत ते पोचलेच नव्हते.

त्या मुलाला मी दोष देत नाही. छत्तीस-छत्तीस तासांची ड्यूटी करून तो पाय तपासायला बसायचा, एकदा बाईंच्या बसभाड्याचे पैसेही त्यानेच दिले होते. तपासताना चप्पल घालत जा असे तो म्हणालाही असेल, मोडक्या हिंदीत, पुढचा रुग्ण दारात उभा असताना. उणीव रीतीत आहे. रुग्णाला बोलावायची रीत आहे, त्याची सही-अंगठा घ्यायची रीत आहे, पण निकाल सांगायची रीत नाही.

याच बाईंची आणखी एक गोष्ट आहे. त्याच वर्षी डोळ्यांच्या विभागातही त्यांचे नाव एका अभ्यासात होते. पडदा तपासण्यासाठी बाहुली मोठी करणारे थेंब घातले की तीन-चार तास जवळचे धूसर दिसते, उन्हात डोळे उघडवत नाहीत. उन्हात बसपर्यंत जाता येईना म्हणून त्या संध्याकाळपर्यंत आमच्या बाहेरच्या बाकावर पदर डोळ्यांवर घेऊन बसल्या होत्या. दोनच दिवसांनी पायाच्या तपासणीला पुन्हा पादऱ्याहून आल्या. डोळ्यांच्या डॉक्टरांना पायाचा अभ्यास माहीत नव्हता, पायाच्या डॉक्टरला डोळ्यांचा. दोन्ही विभागांच्या चिठ्ठ्या, एक गुलाबी आणि एक पिवळी, एकाच केसपेपरला टाचलेल्या मी पाहत होते. साखरेने बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात तेव्हा डोळा, मूत्रपिंड आणि पाय पुष्कळदा एकाच माणसात बिघडतात. दोन्ही तपासण्या एका दिवशी ठेवल्या असत्या तर त्यांची एक फेरी वाचली असती, आणि दोन्ही तक्ते शेजारी मांडले असते तर डॉक्टरांनाही जास्त दिसले असते. विभागांनी किती प्रबंध केले हे मोजताना, त्यातले किती एकमेकांशी बोलले हेही मोजावे, असे मला वाटते.

मी काही जगावेगळे मागत नाही. माणसांवरच्या संशोधनाचे नियम जागतिक वैद्यकीय संघटनेने १९६४ साली हेलसिंकीत ठरवले. त्यांच्या २०१३ च्या आवृत्तीत स्पष्ट म्हटले आहे, की भाग घेतलेल्या प्रत्येकाला अभ्यासाचा निष्कर्ष जाणून घेण्याची संधी मिळाली पाहिजे. आपल्याकडे आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत, नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ चे नियम आहेत. त्या नियमांप्रमाणे एथिक्स कमिटीत किमान सात जण असतात आणि त्यात एक सर्वसामान्य नागरिक लागतोच. त्या नागरिक सभासदाने मंजुरी देताना एवढे विचारले तरी पुरे, की निकाल आला की रुग्णाला कोण, कधी आणि कुठल्या भाषेत सांगणार?

रुग्ण काय देतात याचीही जाणीव असावी. मधुमेहाच्या औषधोपचारात आज जे गृहीत धरले जाते, त्यातले बरेचसे ब्रिटनमधल्या एका अभ्यासातून आले. तो १९७७ मध्ये सुरू झाला, त्यात ५,१०२ रुग्ण होते आणि निकाल १९९८ मध्ये आला. साखर आणि रक्तदाब नीट ताब्यात ठेवला तर डोळ्यांचा, मूत्रपिंडांचा त्रास कमी होतो, हे त्या लोकांनी वर्षानुवर्षे रक्त देऊन, खेपा घालून आपल्याला दाखवून दिले. आपल्या देशातही मद्रासला १९५६ पासून क्षयरोग्यांवर अभ्यास झाला. काहींना सॅनेटोरियममध्ये ठेवले, काहींना घरीच औषधे दिली. घरी राहिलेलेही तितकेच बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना जास्त लागण झाली नाही. १९५९ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि पुढे जगभर क्षयाचे उपचार घरी राहून होऊ लागले. ते रुग्ण गरीब वस्तीतले होते. मी हे ऐकले तेव्हा मला पादऱ्याच्या बाईच आठवल्या.

माझे मागणे एका पानाचे आहे. प्रबंध जमा करताना जशी गाइडची सही लागते, तसे निष्कर्षाचे एक पान गुजरातीत, आणि आपल्याकडे मराठी रुग्णही आहेत म्हणून मराठीतही, जोडल्याशिवाय तो घेऊ नये. मोठी अक्षरे, साधी वाक्ये: आम्ही हे बघत होतो, हे आढळले, तुम्ही घरी हे करा. काही आढळले नसेल तर तसेही लिहावे. ‘नवे मलम जुन्याहून सरस ठरले नाही’ हाही निकालच आहे. महागडे मलम विकत घेणाऱ्याचे पैसे त्याने वाचतात. ते पान फॉलोअपला आलेल्याच्या हातात द्यावे, न आलेल्याला पोस्टाने किंवा फोनवर पाठवावे. आणि कुठल्या विभागात कोणता अभ्यास चालू आहे, कुठल्या रुग्णाला कधी बोलावले आहे, याची एक वही रेकॉर्ड विभागात असावी, म्हणजे दोन विभागांना एकच वार धरता येईल.

कोणी म्हणतील, खेड्यातल्या माणसाला असे पान काय कळणार? सयाजीराव महाराजांनी १९०६ साली आपल्या बडोदा संस्थानात सक्तीचे मोफत शिक्षण आणले. त्या मातीत हे बोलणे मला पटत नाही. बाईंना वाचता येत नव्हते, पण त्यांची नात आठवीत होती.

अंगठ्याच्या ऑपरेशननंतर त्या ड्रेसिंगला येत, तेव्हा मॅडमनी सांगितलेले मी एका कागदावर गुजरातीत लिहून त्यांना वाचून दाखवले. पाच ओळी होत्या. त्यांनी त्या दोनदा वाचायला लावल्या. मग कागदाची घडी करून पोलक्यात ठेवली आणि म्हणाल्या, हे आधी का नाही दिलेत? माझ्याकडे उत्तर नव्हते.

शहरातल्या कुठल्याही रुग्णालयाला अशी पाने गुजरातीत किंवा मराठीत लिहून हवी असतील, तर मी आठवड्यातल्या दोन दुपारी यायला तयार आहे. डॉक्टरांनी फक्त शेजारी बसून अर्थ नीट उतरला आहे का ते पाहावे. माझे नाव आणि फोन नंबर आपल्या कार्यालयाकडे दिला आहे. छापू नये, पण कोणी विचारले तर जरूर द्यावा.

आपली,
एक निवृत्त रेकॉर्ड कारकून
दांडिया बाजार, वडोदरा