दीड हजाराच्या ईअरफोनमध्येही तंबोऱ्याचा गंधार ऐकू येतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी नागपुरात त्रिमूर्ती नगरला राहते आणि बावीस वर्षांपासून घरीच गाण्याचे क्लास घेते. तुमच्या पेपरात मोबाईल, टीव्ही, ईअरबड्सच्या पानभर जाहिराती येतात, सणासुदीला तर जास्तच, पण त्यातला ईअरफोन घ्यायचा कसा, आवाज चांगला की वाईट हे ओळखायचं कसं, यावर कोणी दोन ओळी लिहिलेल्या मला दिसल्या नाहीत, म्हणून हे पत्र. लांबलं तर सांभाळून घ्या.

झालं असं की माझ्याकडे गाण्याच्या मध्यमा परीक्षेची एक मुलगी आहे, गळा गोड, सुराला पक्की. मागच्या महिन्यात तिचा षड्ज, म्हणजे सा-च लागेना. रोज किंचित वर. दोन आठवडे मी तिला आवाजाचा लगाव, श्वास, बसायची पद्धत सगळं विचारून पाहिलं, आणि मग एक दिवस सहज विचारलं की घरी रियाज कशावर करतेस, तर म्हणाली मोबाईलवर तंबोऱ्याचं अ‍ॅप लावते आणि कानात नवे ईअरबड्स, बाबांनी बर्डीच्या बाजारातून अडीच हजाराला आणले, एक्स्ट्रा बेसवाले. मी ते कानात घालून पाहिले. तंबोरा कुठे होताच, नुसतं घूंऽऽ असं काहीतरी घोंगावत होतं, जोडाच्या मधल्या दोन तारा आणि खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची तार, एकात एक कालवलेले, जवारीचा, म्हणजे तारांच्या त्या झणझणीचा तर पत्ताच नाही. मग माझा वायरचा जुना ईअरफोन दिला, चौदाशे रुपयांचा. तिनं डोळे मिटले, मिनिटभर ऐकलं आणि म्हणाली, "मॅडम, यात ग ऐकू येऊन राहिला!"

जे गाणं शिकतात त्यांना कळलं असेल ती काय म्हणाली, बाकीच्यांसाठी सांगते. तंबोरा नीट जुळला असला की खर्जाच्या तारेतून आपोआप गंधार, म्हणजे ग निघतो, कोणी तो छेडत नाही, तारेच्या पाचव्या हार्मोनिकमधून, म्हणजे मूळ सुराच्या पाचपट कंपनांच्या उपस्वरातून तो येतो, त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. पेटीच्या काळी एकच्या पुरुषी पट्टीत खर्ज साधारण ६९ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६९ कंपनांवर असतो आणि त्याच्या पाचपट म्हणजे ३४६ च्या आसपास हा गंधार. बायकांच्या काळी चारला खर्ज १०४ च्या जवळ आणि गंधार ५२० च्या जवळ. आता ईअरफोनमध्ये बेस इतका फुगवलेला असेल की खालचा आवाज वरच्या सगळ्यावर पांघरूण घालतो, तर हा गंधार दबतो आणि त्यासोबत तंबोऱ्याचा सगळा रंग जातो, पोरं कशाला धरून गातील? माझ्या मते ईअरफोन पारखायला याच्यापेक्षा चांगली परीक्षा नाही आणि ती फुकट आहे, अ‍ॅप सगळ्यांकडे असतं.

दुसरी परीक्षा डग्ग्याची, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या मोठ्या, खर्जाच्या वाद्याची. डग्ग्यावर 'घे' वाजवून मनगट सरकवलं की आवाज न तुटता खालून वर चढतो, ती मींड ऐकू आली पाहिजे. फुगलेल्या बेसमध्ये नुसतं धब् धब् होतं, ते ऐकायला दोन मिनिटं भारी वाटतं पण त्यात सूर नसतो. आणि वरच्या बाजूला तबल्याची चाट, म्हणजे कडेवरचा 'ना' कसा टणत्कार करून वाजतो, तो स्वच्छ हवा पण कानाला टोचायला नको. गाणाऱ्याचे 'स' आणि 'श' सुईसारखे लागत असतील तर तो ईअरफोन तासभर घालता येत नाही, डोकं दुखतं.

आता पैशाचं. लोकांना वाटतं महाग म्हणजे चांगला. मलाही वाटायचं. पण २०१७ साली येरून ब्रेबार्ट नावाच्या संशोधकाने २८३ हेडफोन मोजले होते, कानात घालायचे, कानावरचे सगळे, आणि त्यांच्या आवाजाचा समतोल, म्हणजे खालचे-वरचे कोणते सूर किती जोरात वाजतात ते, आणि बाजारातली किंमत यांचा काही संबंधच सापडला नाही. त्यानंतर तर स्वस्तातले ईअरफोन आणखी सुधारले. चिनी कंपन्यांचे वायरवाले, ज्यांना मुलं आयईएम (इन-इअर मॉनिटर) म्हणतात, ते हजार ते अडीच हजारात येतात आणि मी त्यातले चार-पाच विद्यार्थ्यांकडून घेऊन ऐकले. मूनड्रॉपचा चू टू आणि सेव्हन हर्ट्झचा झीरो टू हे दोन मला गाण्यासाठी आवडले, तंबोरा मोकळा वाटतो, आवाज पुढे येतो. केझेडचा ईडीएक्स प्रो आणखी स्वस्त आहे पण त्यात बेस आणि ट्रेबल, म्हणजे खालचा आणि वरचा आवाज दोन्ही चढवलेले, मधला गळा जरा मागे जातो, सिनेमाची गाणी ऐकायला मुलांना तो आवडतो, रियाजाला मी देणार नाही. हेच घ्या असं माझं म्हणणं नाही, मॉडेल दर वर्षी बदलतात, पण या बजेटमध्ये चांगलं मिळतं हे पालकांना माहीत हवं.

डब्यावरच्या आकड्यांमागे तर अजिबात जाऊ नका. २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ हे दोनशेच्या ईअरफोनवरही छापलेलं असतं आणि वीस हजाराच्याही, त्यातून कोणते सूर जोरात आणि कोणते दबलेले ते काहीच कळत नाही. ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा आतला भाग, १० मिलिमीटरचा की १४ चा, त्यावरूनही आवाज ठरत नाही. ओहमचा आकडा मात्र एकदा बघून घ्या, १६ ते ३२ च्या दरम्यान असला की मोबाईलवर आरामात वाजतो.

आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी दुकानात कोणी सांगत नाही, ती म्हणजे ईअरफोनच्या टोकाचं रबर. डब्यात तीन साईजचे रबर येतात, लहान मधलं मोठं, आणि दहातले नऊ जण मधलं लागलेलं असतं तेच ठेवतात आणि बाकीचे दोन डब्यासकट फेकतात. ईअरफोनचा एवढासा पडदा, त्याला खोलीभर हवा हलवायची नसते, कानाच्या नळीतली जरा बंद हवा हलवायची असते. रबर नीट बसलं नाही, फट राहिली, की ती हवा बंद राहत नाही आणि खालचे सूर आधी गळतात, खर्ज गेला, डग्गा गेला, उरतो पत्र्यासारखा आवाज. मग आपण म्हणतो ईअरफोनच भिकार आहे. घरी करून बघा, ईअरफोन कानात असताना बोटाने हलकं आत दाबा, दाबल्यावर बेस एकदम भरून आला तर समजा रबर लहान आहे. डावा-उजवा कान बहुतेकांचे सारखे नसतात, माझ्या उजव्या कानाला मधलं लागतं आणि डाव्याला मोठं, दोन्हीकडे वेगळं लावलं तर काही बिघडत नाही. फोमचे रबर वेगळे विकत मिळतात, ते बोटात चेपून घालायचे आणि आत फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवायचे, ज्यांच्या कानात सिलिकॉनचं टिकतच नाही त्यांच्यासाठी चांगले, फक्त आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामाने लवकर खराब होतात. या आयईएमची वायर कानाच्या मागून वरून घ्यायची असते, खाली लटकवून घातले की नीट बसतही नाहीत आणि वायर कपड्याला घासली की खरखर थेट कानात येते. माझ्या एका विद्यार्थ्याने आठ महिने उलटे घातले होते, एल उजवीकडे आणि आर डावीकडे.

वायर की ब्लूटूथ, हा वाद घरोघरी चाललेला आहे. चालायला जाताना, मेट्रोत, भांडी घासताना ब्लूटूथ सोयीचं, त्यात वाद नाही. पण रियाजाला आणि ऑनलाईन क्लासला वायरच. दोन कारणं. एक म्हणजे ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोचतो, साध्या ईअरबड्समध्ये दीड-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. द्रुत तीनताल २४० च्या लयीत, म्हणजे मिनिटाला २४० मात्रांनी लावला तर एक मात्रा २५० मिलिसेकंदांची असते, म्हणजे जवळजवळ मात्राभर उशीर! मुलं कानात ठेका लावून स्वतःचं गाणं रेकॉर्ड करतात, मग दुसऱ्या मोबाईलवरचा ठेका त्यावर जोडतात आणि मला पाठवून विचारतात मॅडम मी लयीत काहून नाही. बाळा तू लयीत होतास, ठेकाच तुझ्यापर्यंत उशिरा आला. दुसरं कारण, ब्लूटूथवर माईक चालू झाला की बहुतेक मोबाईल कॉलच्या मोडमध्ये जातात, ऐकू येणारा आवाज टेलिफोनसारखा चपटा होतो. ऑनलाईन क्लासमध्ये माझा तंबोरा मुलांना पत्र्याचा डबा वाजवल्यासारखा ऐकू येतो त्याचं अर्धं कारण हेच. मी आता वायर नसेल तर ऑनलाईन क्लासला बसू देत नाही.

शिवाय ईअरबड्सची बॅटरी. एवढीशी बॅटरी, दोन-तीन वर्षांत दम तोडते आणि बदलून मिळणं अवघड. नागपुरात मे महिन्यात ४५ डिग्रीत गाडीच्या डॅशबोर्डवर केस ठेवून लोक बर्डीवर खरेदीला जातात, लिथियमच्या बॅटरीला उष्णतेइतकं वाईट काही नाही. वायरवाल्याचं काय बिघडतं, तर वायर, बहुतेक वेळा पिनेपाशी. म्हणून वायर काढता येणारा घ्या, दोन-तीनशेत नवी लावता येते. चूच्या पहिल्या मॉडेलला वायर पक्की होती, चू टूला निघते, घेताना विचारून घ्या. आणि एका बाजूचा आवाज कमी झाला तर फेकू नका, आधी जाळी बघा, कानातला मळ अडकलेला असतो, कोरड्या मऊ ब्रशने तोंड खाली करून साफ करा, माझ्याकडे तीन जणांचे असे 'बिघडलेले' ईअरफोन पाच मिनिटांत सुरू झाले.

बऱ्याच नव्या मोबाईलला गोल पिनेचं छिद्रच नसतं ही खरी अडचण आहे. त्याला टाईप-सीचा कनेक्टर लागतो, पण घेताना आपल्या मोबाईलवर लावून बघूनच घ्या, कारण काहींमध्ये आवाज बनवणारी चिप असते आणि काही नुसत्या वायरीचे असतात, ते एका कंपनीच्या मोबाईलवर चालतात आणि दुसऱ्यावर मुके.

आता दुकानदारांबद्दल, आणि हे मी रागाने नाही, कळकळीने लिहून राहिले. बर्डीवर एका मोठ्या दुकानात मी त्या मुलीसोबत गेले होते. ऐकून बघायचं म्हटलं तर उत्तर मिळालं की सील तुटलं तर घ्यावाच लागेल. कपडे घालून बघतो, चप्पल घालून बघतो, आणि कानात घालायची वस्तू न ऐकता घ्यायची? दुसऱ्या दुकानात ऐकू दिलं पण पोऱ्याने व्हॉल्यूम फुल केला, मोबाईलमधलं डॉल्बी चालू ठेवलं आणि धडाधड बीटचं गाणं लावलं. जोरात वाजलेलं कोणालाही चांगलंच वाटतं, म्हणून दोन ईअरफोन ताडून बघताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा, डॉल्बी आणि इक्वलायझर बंद करा, आणि आपल्या रोजच्या ऐकण्यातलं गाणं लावा. ज्यांना खरा आवाज कसा असतो ते ऐकायचं आहे त्यांनी सिव्हिल लाईन्सला देशपांडे सभागृहात एखाद्या मैफलीला पुढच्या रांगेत बसावं, तंबोरे जुळवताना जे कानावर पडतं ते लक्षात ठेवावं आणि मग दुकानात जावं.

व्हॉल्यूमचं पालकांसाठी. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं की मोठ्या माणसांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकावा, ९० डेसिबल असेल तर फक्त ४ तास, आणि लहान मुलांसाठी मर्यादा ७५ ची. रबर नीट बसलं की बाहेरचा गोंगाट आपोआप अडतो आणि कमी व्हॉल्यूमवर सगळं ऐकू येतं, हा चांगल्या फिटिंगचा मोठा फायदा. याच कारणाने वर्धा रोडवर टू-व्हीलर चालवताना दोन्ही कानांत हे घालून जाणारी पोट्टी बघितली की माझा जीव वर येतो, मागचा हॉर्न त्यांना खरंच ऐकू येत नाही.

तुमच्या माध्यमातून शहरातल्या दुकानदारांना एवढीच विनंती आहे की प्रत्येक मॉडेलचा एक नमुना ऐकायला ठेवा, सोबत तिन्ही साईजचे रबर आणि पुसायला स्पिरिटचा कापूस. पाच-सहा मॉडेलसाठी फार खर्च नाही. आणि तुम्हाला विनंती, की जाहिरातींच्या पानाशेजारी कधीतरी दोन कॉलम यावर द्या, दहावी-बारावीचे निकाल लागले की घरोघरी हीच खरेदी सुरू होते. त्या मुलीचे वडील अडीच हजार घालून बसले, दुकानाने परत घेतले नाहीत, आणि पुन्हा पंधराशे घालायला लागले. तिचा षड्ज आता जागेवर आहे.

आपली विश्वासू,
एक गायन शिक्षिका,
त्रिमूर्ती नगर, नागपूर