रूळ आले, बायसन गेले

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेतल्या रेल्वेवरचा लेख आवडला पण त्यात बायसनचं, म्हणजे तिथल्या गव्यासारख्या रानटी जनावराचं, नावच नाही हे खटकलं. १८६९ ला युटामधे प्रॉमन्टरीला पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेले रूळ जुळले, मग १८७१ च्या सुमारास बायसनचं जाड कातडं कमवायची पद्धत निघाली आणि पूर्वेकडच्या कारखान्यांना मशीनच्या पट्ट्यांसाठी ते हवंच होतं, शिकारी कातडी सोलून रेल्वेने पाठवायचे, मांस तिथंच माळावर सडायचं. कोट्यवधींचे कळप १८८९ पर्यंत हजाराच्या आसपास आले! लकोटा, शायेन ह्या तिथल्या मूळच्या लोकांचं खाणं, पांघरूण, तंबू सगळं ह्याच जनावरावर, ते गेल्यावर रिझर्व्हेशनमधे, म्हणजे सरकारने नेमून दिलेल्या राखीव जागेत, सरकारी रेशनवर जगण्यावाचून त्यांना इलाजच उरला नाही. एवढ्या मोठ्या लेखात ह्याला दोन ओळी तरी द्यायला हव्या होत्या.

– एक वाचक, सांगली