बाबा, इंजेक्शन परस्पर बंद करू नका

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही काल फोनवर म्हणालात, "पीएसए उतरलाय, कंबरही दुखत नाही, मग इंजेक्शन कशाला?" प्रोस्टेट कॅन्सरवरचं हे हार्मोन दाबणारं इंजेक्शन का थांबवायचं नाही, हे बोलताना नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय. पीएसए म्हणजे प्रोस्टेटच्या पेशी बनवतात ते प्रथिन, जे आपण रक्तात मोजतो.

प्रोस्टेटच्या पेशींमध्ये अँड्रोजेन रिसेप्टर नावाचं प्रथिन असतं. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन, किंवा त्यापासून पेशीतच बनणारं अधिक जोरकस डीएचटी, त्याला जाऊन चिकटलं की ते पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि वाढीची जनुकं चालू करतं. पीएसएचं जनुकही त्याच्याच हुकमात. म्हणजे पीएसए उतरला याचा अर्थ रिसेप्टरची रसद तुटली आहे. आजार मुळापासून गेला असा नाही. शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्ये हे हार्मोनचं नातं दाखवून दिलं, 1966 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तेव्हा वृषणं काढावी लागत. आज तेच काम तुमचं इंजेक्शन करतं.

मग वर गोळ्या कशाला, हेही तुम्ही विचारलंत. वृषणं गप्प झाली तरी मूत्रपिंडावरच्या ग्रंथी थोडं हार्मोन बनवतात, कधीकधी गाठही स्वतः बनवते. कॅन्सरच्या पेशी रिसेप्टरची संख्या वाढवतात, म्हणजे थोडक्यावरही त्यांचं भागतं. काही वेळा तर रिसेप्टर असा बदलतो की त्याला हार्मोन लागतच नाही. तुमची अॅबिराटेरॉनची गोळी हार्मोनचं उत्पादनच अडवते.

आई, ही गोळी पोह्यांबरोबर नको गं. आधी दोन तास आणि नंतर एक तास पोटात अन्न नको, नाहीतर औषध रक्तात नको तेवढं चढतं. सोबतची स्टेरॉइडची गोळी, प्रेडनिसोलोन, मात्र खाऊनच, आणि ते एकदम थांबवायचं नाही. बीपी आणि पोटॅशियम तपासत राहायचं.

रात्री बाबा घामाने भिजून उठतात ना? पाळी जाताना तुला व्हायचं तेच आहे हे. हार्मोन कमी झालं की पुरुषांनाही होतं. फार त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगू, त्यावरही औषधं आहेत. हाडं ठिसूळ होतात, स्नायू झडतात, म्हणून बाबांनी रोज चालायलाच हवं. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी राहिलीय, ती या महिन्यात करून घेऊ.

मी शनिवारी येतेय. फाईल आणि सगळे पीएसएचे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून ठेवा. इंजेक्शनला मीच सोबत येईन.

तुमची,
लेक